पाटीवरची पेन्सिल: घसरत गेलेल्या वेगाचं एक प्रकरण

हे प्रकरण त्या ताईंना विचारून, त्यांना आधी वाचायला देऊन लिहिलं आहे. नाव आणि शाळा गाळली आहे. आकडे माझ्या वहीतले आणि त्यांच्या रिपोर्टमधले. नाशिकमध्ये मी नऊ वर्षं लोकांना पळायला शिकवतो, त्याआधीपासून स्वतः मॅरेथॉन पळतो. एवढ्या वर्षांत इतकी ढळढळीत गोष्ट इतके महिने माझ्या डोळ्यांसमोर असून मला दिसली नाही, असं दुसऱ्यांदा घडलेलं नाही. म्हणून ती सगळी मांडतो आहे. माझ्यासारख्या प्रशिक्षकांनी वाचावी, आणि ज्यांच्या घरातली बाई पहाटे बूट घालून बाहेर पडते त्यांनीही वाचावी.

त्या कोण

वय ४१, जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका. घर म्हसरूळला, शाळा दिंडोरी तालुक्यात. रोज स्कूटीवर येऊन-जाऊन पन्नासेक किलोमीटर. नवरा अंबडच्या कारखान्यात, शिफ्ट ड्यूटी. दोन मुलं, सासूबाई. घर शाकाहारी, अंडंही नाही. वजन ५४ किलो.

तीन वर्षांपूर्वी त्या गोल्फ क्लब मैदानावर चालायला यायच्या. चालता चालता पळायला लागल्या, मग आमच्या गटात आल्या. त्यांची शिस्त पाहून मी इतरांना त्यांचं उदाहरण द्यायचो. पावसात कोणी आलं नाही तरी त्या यायच्या. दोन वर्षांत अर्धमॅरेथॉन २ तास १४ मिनिटांवर आणली, म्हणजे किलोमीटरला साधारण ६ मिनिटं २१ सेकंद. पहाटे चारला उठून पोळ्या लाटून येणाऱ्या बाईचा हा वेग आहे, हे लक्षात घ्या.

मागच्या जूनमध्ये त्या म्हणाल्या, "सर, आता पूर्ण करायची. मुंबई." मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. हातात सात महिने होते. मला ते पुरेसे वाटले, आणि एरवी ते पुरेसेच असतात.

मी फॉर्म भरून घेतला. जुनी दुखणी, रक्तदाब, साखर, झोप. शाळेत नुकतंच आरोग्य शिबिर झालं होतं, तिथला आकडा त्यांनी आपणहून लिहिला होता: हिमोग्लोबिन ११.४. मी तो वाचला, 'ठीक' म्हटलं आणि फाईल बंद केली. गरोदर नसलेल्या बाईसाठी जागतिक आरोग्य संघटनेची खालची मर्यादा १२ आहे. हे मला माहीत होतं. पण आपल्याकडे बायकांचं हिमोग्लोबिन अकराच्या आसपास असतंच, अशी एक सवय डोळ्यांना लागलेली असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. जे निम्म्याहून जास्त बायकांना असतं ते आपल्याला साधं वाटायला लागतं, आणि तिथून माझी चूक सुरू झाली.

जून ते नवरात्र

आठवड्याला चार दिवस पळणं, सुरुवात २८ किलोमीटरनं, ऑक्टोबरपर्यंत ५२. रविवारी लांबचं अंतर. आराखड्यात वावगं काही नव्हतं, आजही मी साधारण तसाच देतो.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत सगळं सुरळीत होतं. सोमेश्वरकडच्या रस्त्यावर त्या सहज बोलत बोलत ७ मिनिटं २० सेकंदांच्या वेगानं पळायच्या, तेव्हा घड्याळात नाडी १४२ दिसायची. त्याच आठवड्यात १० किलोमीटरची चाचणी घेतली, ६१ मिनिटं.

सप्टेंबरच्या मध्यावर तोच रस्ता, तसंच सहज पळणं. वेग ७:५०, नाडी १५६. मी म्हटलं, हवेत दमटपणा आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ८:०५ आणि १५९. मी म्हटलं, ऑक्टोबरचं ऊन. १० किलोमीटरची चाचणी परत घेतली, ६६ मिनिटं ३० सेकंद. मी म्हटलं, अंतर वाढतंय, पायांत थकवा साठलाय, शर्यतीआधी कमी केलं की उतरेल.

ही तिन्ही कारणं खोटी नव्हती. दमटपणात नाडी चढते, उन्हात चढते, थकव्यात चढते. पण त्याच रस्त्यावर, त्याच हवेत, त्याच पहाटे माझ्या गटातले बाकीचे लोक पळत होते आणि त्यांचे आकडे जागेवर होते. त्यांच्या शेजारी ठेवून मी ताईंचे आकडे पाहिलेच नाहीत. प्रत्येक वेळी एक नवं कारण सापडत गेलं, आणि कारण सापडलं की माणूस शोध थांबवतो.

नवरात्रात त्यांनी नऊ दिवस उपवास केले. वहीत रोज टिपेच्या रकान्यात लिहायच्या, 'उपवास'. मी व्हॉट्सअॅपवर अंगठा पाठवायचो. आठव्या माळेला त्यांनी १४ किलोमीटर पळून दाखवलं, तेव्हा मी गटावर त्यांचं कौतुक केलं. त्या दिवसांत दुपारी साबुदाण्याची खिचडी, संध्याकाळी भगर आणि दाण्याची आमटी, मध्ये तीन-चार वेळा चहा, एवढंच पोटात जात होतं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. पळायला इंधन मिळतं, पण डाळी आणि पालेभाजी नऊ दिवस बंद.

महिरावणीचा पूल

कोजागरीनंतरच्या रविवारी २४ किलोमीटर ठरले होते. पपया नर्सरीपासून त्र्यंबक रस्त्यानं अंजनेरीच्या दिशेला बारा, आणि परत. जाताना रस्ता हळूहळू चढत जातो, येताना नाशिककडे उतरता. आम्ही तो मुद्दाम निवडतो: दमलेल्या पायांना शेवटी उतार मिळतो.

सतरा किलोमीटरच्या पुढे, परतीच्या वाटेवर, महिरावणीजवळच्या एका छोट्या पुलाच्या कठड्यावर त्या बसल्या. मी मागून सायकलवर येत होतो. ओठ पांढरे. श्वास भरभर आणि वरवरचा. "सर, छातीत धडधडतंय. पाय आहेत, पण दमच नाही."

मी खिशातलं साखरेचं जेल काढून दिलं. मला वाटलं, 'भिंत' लागली. आम्हा मॅरेथॉनवाल्यांचा हा लाडका शब्द. स्नायू आणि यकृत मिळून साठवलेली साखर साधारण दोन हजार कॅलरींच्या आसपास असते, आणि पळताना किलोला किलोमीटरमागे अंदाजे एक कॅलरी जाते. त्यामुळे तीस-बत्तीस किलोमीटरच्या पुढे अनेकांची टाकी रिकामी होते. मी स्वतः मुंबईत पेडर रोडच्या परतीच्या चढावर दोनदा असा थांबलोय. जे आपल्या अंगावरून गेलंय तेच आपण दुसऱ्यात आधी ओळखतो.

पण जरा हिशेब करायला हवा होता. ५४ किलो वजन, १७ किलोमीटर, म्हणजे नऊशेच्या आसपास कॅलरी. आदल्या रात्री त्यांनी व्यवस्थित वरण-भात खाल्ला होता, सकाळी केळं खाल्लं होतं. टाकी रिकामी व्हायला अजून बराच अवकाश होता. शिवाय साखर संपल्यावर पाय जड होतात, डोकं सुन्न होतं, आणि गोड पोटात गेलं की दहा-पंधरा मिनिटांत माणूस जरा तरी उठून बसतो. ताई तशा उठल्या नाहीत. उतारावर, बसलेल्या अवस्थेत, त्यांची नाडी पाच मिनिटांनीही १२० च्या वर होती. पाय आहेत पण दम नाही, हे त्यांनी नेमकं सांगितलं होतं. निदान त्यांच्या वाक्यात होतं, मी ते ऐकलं नाही.

उलट मी त्यांना भाषण दिलं. ते आज आठवलं की मला त्रास होतो. मी म्हणालो, "ताई, आपल्या जिल्ह्यातली कविता राऊत बघा. हरसूलकडच्या सावरपाड्यातून निघाली आणि २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं ब्रॉन्झ आणलं. मनात आणलं की होतं." सावरपाडा एक्स्प्रेसचा आम्हा नाशिककरांना अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी रौप्य घेतलं, २०१६ ला रिओत ऑलिंपिक मॅरेथॉन पळल्या. पण वर्षानुवर्षं पळणं हेच ज्यांचं काम होतं अशा खेळाडूची गोष्ट, श्वास लागलेल्या शिक्षिकेला पुलावर बसवून ऐकवायची नसते. प्रेरणा म्हणून सांगितलेली गोष्ट त्या क्षणी टोमणा झाली. ताई काही बोलल्या नाहीत. उरलेले सात किलोमीटर त्या चालत आल्या, मी सायकल हातात धरून शेजारी.

पेन्सिल

पुढच्या रविवारी मी त्यांना फक्त दहा किलोमीटर दिले. पळून झाल्यावर आम्ही नेहमीप्रमाणे मिसळ खायला बसलो. आमच्या गटात एक निवृत्त परिचारिका आहेत, साठी ओलांडलेल्या, पाच-सात किलोमीटर हळूहळू पळतात. सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. त्या ताईंच्या समोर बसल्या होत्या.

मिसळ यायला वेळ होता. ताईंनी पर्समधून काहीतरी काढून तोंडात टाकलं, कटकन आवाज आला. सिस्टरनी मान वर केली.

"काय खाताय?"

ताई ओशाळल्या. "काही नाही सिस्टर. पेन्सिल. पाटीवरची. लहानपणची सवय, मधे सुटली होती."

"परत कधी लागली?"

"राखीपौर्णिमेच्या आसपास."

"आणि बर्फ?"

ताईंनी चकित होऊन पाहिलं. "तुम्हाला कसं कळलं? फ्रीजमधला बर्फाचा ट्रे मीच संपवते. मुलं ओरडतात."

सिस्टर उठल्या, ताईंच्या शेजारी जाऊन बसल्या, अंगठ्यानं त्यांच्या डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग पाहिला. मग नखं पाहिली. आणि हळू आवाजात विचारलं, "पाळी कशी येते?"

मी उठायला लागलो. अशा वेळी पुरुषानं उठून बिल द्यायला जायचं असतं, असं आमच्या पिढीला कोणी न शिकवता शिकवलेलं असतं. सिस्टर म्हणाल्या, "सर, तुम्ही बसा. आराखडा तुम्ही लिहिता ना? मग ऐका. ताई, चालेल ना?"

ताईंनी मान हलवली. गेलं वर्षभर पाळी सात-आठ दिवस चालायची. त्यातले तीन दिवस फार जास्त, गाठी पडायच्या. वर्ग सोडून उठता येत नाही म्हणून दोन पॅड एकावर एक लावायच्या. रात्री दोनदा उठायच्या. अशा दिवसांतही माझा १८ किलोमीटरचा रविवार त्यांनी काळी पँट घालून, कमरेला जर्किन बांधून पूर्ण केला होता. माझ्या वहीत त्या दिवशी फक्त अंतर, वेग आणि नाडी आहे.

"मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"सर, तुम्ही विचारलं नव्हतं. आणि मला वाटलं, चाळिशीनंतर असंच असतं."

रिपोर्ट

दुसऱ्याच दिवशी रक्त द्यायला जाऊ नका, असं सिस्टरनी सांगितलं, आणि ही गोष्ट प्रत्येक पळणाऱ्यानं लक्षात ठेवण्यासारखी आहे. फेरिटिन म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा अंदाज देणारी तपासणी. पण सर्दी-ताप असेल किंवा नुकतंच खूप जोराचं पळणं झालं असेल तर फेरिटिन तात्पुरतं वर जातं, आणि रिकामं कोठार भरलेलं दिसतं. दोन दिवस विश्रांती घेऊन त्या गेल्या.

हिमोग्लोबिन ९.४. तांबड्या पेशींचा सरासरी आकार ७१, साधारण ८० च्या वर हवा. फेरिटिन ६; मोठ्या माणसांत १५ च्या खाली गेलं की साठा संपला असं धरतात. पेन्सिल, बर्फ खावासा वाटणं ही त्याचीच खूण होती, म्हणून सिस्टरनी बर्फाचं विचारलं होतं. थायरॉइड नीट. बी-१२ कडेला, पण मर्यादेत.

जूनमध्ये ११.४ आणि ऑक्टोबरअखेर ९.४. म्हणजे रक्ताच्या प्रत्येक थेंबाची प्राणवायू वाहण्याची ताकद साडेसतरा टक्क्यांच्या आसपास उतरली होती. स्नायूंची मागणी तीच, गाडीत माल कमी, मग हृदय फेऱ्या वाढवतं. माझ्या वहीतली १४२ वरून १५९ वर गेलेली नाडी त्या जास्तीच्या फेऱ्या मोजत होती.

लोह कुठे गेलं याचा हिशेब डॉक्टरांनी आणि सिस्टरनी मिळून समजावला. सगळ्यात मोठं गळकं तोंड पाळीचं. महिन्याला ८० मिलिलिटरच्या वर रक्त गेलं की तो अतिस्राव मानतात, आणि तेवढ्या रक्ताबरोबर तीसेक मिलिग्रॅम लोह जातं. रोजची एरवीची झीज एखाद मिलिग्रॅमची. इथे ती सरासरीनं दुप्पट झाली. त्यावर पळणं: घामातून थोडं, आतड्यातून थोडं, रस्त्यावर पाऊल आपटताना तळव्यात फुटणाऱ्या तांबड्या पेशींतून थोडं. एकेकटं किरकोळ, पण कोठार आधीच तळाला असताना किरकोळ काही राहत नाही. शिवाय जोराचं पळून झाल्यावर काही तास शरीर आतड्यातून लोह आत घेणं कमी करतं. पळून आल्या आल्या त्या डबा खायच्या, आणि लगेच चहा. चहातली द्रव्यं धान्य-भाजीतल्या लोहाला बांधून ठेवतात.

भारतीय बाईनं आहारातून रोज २९ मिलिग्रॅम लोह घ्यावं, अशी राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२० ची शिफारस आहे, पुरुषासाठी १९. आकडा एवढा मोठा ठेवावा लागतो कारण आपल्या जेवणातलं फार थोडं लोह रक्तात पोचतं. आणि ताई घरात सगळ्यांत शेवटी जेवायच्या. मेथीची भाजी, मटकीची उसळ तोपर्यंत तळाला गेलेली असायची. हे त्यांनी तक्रार म्हणून नाही सांगितलं. मी 'रात्री काय जेवता' विचारलं तेव्हा म्हणाल्या, "जे उरेल ते."

जानेवारीचं काय

इथे माझ्याकडून आणखी एक गोष्ट झाली. डॉक्टरांकडे मी ताईंबरोबर गेलो होतो, त्यांचे यजमानही होते. डॉक्टर गोळ्या लिहून देत होते तेव्हा मी विचारलं, "शिरेतून लोह दिलं तर लवकर वाढेल का? जानेवारीत शर्यत आहे."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. शिरेतून देता येतं, गरज पडली तर देऊही, पण आधी रक्त का जातंय ते पाहायचं आहे आणि गोळ्या सोसतात का ते पाहायचं आहे. शर्यतीची तारीख हे औषध निवडायचं कारण होऊ शकत नाही. एवढंच म्हणाले. मला लाज वाटली. बारा आठवडे उरले होते आणि मी अजूनही आराखडा वाचवत होतो.

ताईंना थांबायचं नव्हतं. फी भरली होती, सासूबाईंनी शेजारी सांगितलं होतं, शाळेत चौथीच्या मुलांनी फळ्याच्या कोपऱ्यात दिवस मोजायला घेतले होते. "सर, मी चालत का होईना पूर्ण करते." मी नाही म्हटलं. हिमोग्लोबिन नऊ-दहावर असताना मुंबईच्या दमट हवेत सहा तास रस्त्यावर राहणं म्हणजे हृदयावर उगाच भार. आठ दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मला ते समजत होतं. तीन महिने मी 'अजून जोर लावा' म्हणत होतो आणि आता मीच 'थांबा' म्हणत होतो; त्यांनी माझं कुठलं ऐकायचं?

शेवटी त्यांचे यजमान म्हणाले, "शर्यत पुढच्या वर्षी पण आहे." मी तेच पाच वेळा सांगितलं होतं. घरातून आलं तेव्हा ते लागलं.

भरपाई

स्त्रीरोगतज्ज्ञांकडे सोनोग्राफी झाली. गर्भाशयात एक छोटी गाठ निघाली, घाबरण्यासारखी नाही. जास्त रक्तस्रावाच्या दिवसांपुरत्या गोळ्या दिल्या आणि सहा महिन्यांनी परत बघायचं ठरलं.

लोहाच्या गोळीनं पहिल्या आठवड्यात मळमळ, बद्धकोष्ठता, काळी शी. ताईंनी चौथ्या दिवशी गुपचूप बंद केली. सिस्टरनी फोन करून विचारलं म्हणून कळलं. डॉक्टरांनी गोळी बदलली आणि एक दिवसाआड घ्यायला सांगितली. एक गोळी घेतली की शरीर पुढचा दिवसभर लोहाचं दार अर्धवट लावून घेतं. दिवसाआड घेतली तर प्रत्येक गोळीतलं जास्त आत जातं आणि पोटही कमी बिघडतं. मी एवढंच केलं, की पळायचे दिवस आणि गोळीचे दिवस वेगळे पाडले. विश्रांतीच्या दिवशी गोळी, लिंबूपाण्याबरोबर, चहाच्या बरंच आधी.

जेवणाबद्दल आमच्या गटात बऱ्याच समजुती निघाल्या. बिटाचा रस प्या, असं निम्म्यांनी सांगितलं. बीट लाल असतं एवढंच, त्यात लोह नावाला. नाचणीत कॅल्शियम भरपूर, लोहाच्या बाबतीत बाजरी तिच्या पुढे. घरात आधीपासून जे होतं तेच वाढवलं: बाजरीची भाकरी, मटकी-हरभऱ्याची उसळ, वर लिंबू पिळून, हळिवाचे लाडू, भाजी लोखंडी कढईत. पळून आल्यावरचा चहा अकरापर्यंत पुढे ढकलला. ताईंनी सांगितलं, सगळ्यात अवघड तेच गेलं. आणि त्या पहिल्या पंगतीला बसू लागल्या. हा बदल सासूबाईंनी केला. पुढच्या नवरात्राचा विषय निघाला तेव्हाही त्याच म्हणाल्या, "उठता-बसता धर. मी पण आता तेच करते."

पळणं पहिले चार आठवडे नावापुरतं: चालणं, मधे मधे हलकं पळणं, नाडी १३५ च्या वर गेली की चालायचं. लांबचा रविवार बंद. चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन १०.६. पेन्सिल त्याआधीच सुटली होती. एके दिवशी पर्समध्ये तुकडा सापडला आणि तो तोंडात टाकावासा वाटला नाही, असं त्यांनी सांगितलं.

जानेवारीतल्या त्या रविवारी मी गटातल्या नऊ जणांना घेऊन मुंबईत होतो. पेडर रोडला पाण्याच्या बाटल्या घेऊन उभा होतो, तेव्हा फोन वाजला. गोल्फ क्लबवर कडाक्याची थंडी होती, आणि नवशिक्यांच्या गटाबरोबर ताई आठ किलोमीटर पळल्या होत्या. घड्याळाचा फोटो पाठवला होता: वेग ७:१८, नाडी १४०. खाली काही लिहिलं नव्हतं. हे ऑगस्टचे आकडे होते. मी तो फोटो बराच वेळ पाहत उभा राहिलो, आमचा एक जण समोरून हाका मारत गेला तरी मला कळलं नाही.

त्या महिन्याच्या शेवटी हिमोग्लोबिन १२.३, फेरिटिन १९. इथे बहुतेक जण गोळ्या सोडतात. रक्त भरतं, कोठार भरलेलं नसतं. दोन-तीन महिन्यांत परत घसरण. ताईंनी डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे पुढेही चालू ठेवल्या. मेमध्ये फेरिटिन ३८. आता त्या परत मुंबईच्या तयारीला लागल्या आहेत. दर तीन महिन्यांनी तपासणी आराखड्यातच लिहिली आहे, लांबच्या रविवारसारखी. यंदा वेळेचं लक्ष्य आम्ही ठरवलेलं नाही.

फॉर्म

मेमध्ये मी नवा फॉर्म तयार केला. हिमोग्लोबिन, फेरिटिन, उपवास किती आणि कोणते, चहा जेवणानंतर किती वेळानं, घरात जेवायला कितव्या पंगतीला. वहीतही नवा रकाना घातला, पाळीच्या दिवसांवर नुसती एक खूण करायची. त्या खुणेच्या आठवड्यात जोराचं पळणं मागे-पुढे करायची मुभा. ज्यांना माझ्याकडे द्यायचा नसेल त्यांनी सिस्टरकडे द्यावा, त्या मला फक्त 'हलकं द्या' एवढं कळवतील.

छापण्याआधी ताईंना दाखवला. मी लिहिलं होतं: 'मासिक पाळीविषयी काही समस्या आहे का?' त्यांनी वाचलं आणि पेन मागितलं.

"सर, याला सगळ्या 'नाही' लिहितील. मी पण जूनमध्ये 'नाही'च लिहिलं असतं. आम्हाला ती समस्या वाटतच नाही."

तो प्रश्न खोडून त्यांनी खाली आपल्या अक्षरात, शिक्षिकेच्या गोल वळणात लिहिलं: 'त्या दिवसांत रात्री उठून पॅड बदलावं लागतं का? दोन पॅड एकदम लावावे लागतात का? बर्फ, माती, खडू, पेन्सिल, कच्चे तांदूळ, यातलं काही खावंसं वाटतं का?'

जूनच्या पहिल्या रविवारी गोल्फ क्लबच्या फाटकाजवळ बसून सिस्टरनी फॉर्म गोळा केले. अकरा बायकांचे होते. चौघींनी 'हो' लिहिलं होतं.